गाडी थांबली की हे उतरतात

४ ऑक्टोबर, शनिवार

दुपारची पाळी. टेलिफोन एक्स्चेंजच्या त्या लांबलचक खोलीत आम्ही मुली उंच स्टुलांवर ओळीने बसलेल्या. समोर बोर्ड, बोर्डावर भोकं, प्रत्येक भोकाखाली इवलासा दिवा. दिवा लागला म्हणजे कुणीतरी बोलायला थांबलंय. दोरी, म्हणजे पितळी टोकाची वायर, उचलायची, भोकात घालायची, ‘नंबर प्लीज’ म्हणायचं. बोर्डाच्या मागच्या बाजूला हे. झिजलेल्या दोऱ्या बदलायचं काम ह्यांच्याकडे. नवी दोरी लावली की पलीकडून माझ्या कानात आवाज यायचा, “सात नंबर, ऐकू येतंय का?” सात नंबर म्हणजे माझी जागा. मी म्हणायचे, “येतंय.” त्या दुपारी ह्यांनी फ्लास्कच्या झाकणात चहा ओतून बोर्डाच्या कडेने माझ्याकडे सरकवला. मी घाईघाईने घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. तेवढ्यात पलीकडून, “सात नंबर, ऐकू येतंय का?” मी कशीबशी “अं” म्हटलं. तर हे आपले दोरी गेली समजून पुन्हा दोरी बदलायला बसले! मी हसता हसता स्टुलावरून पडायची राहिले.

आज दुपारपासून ती खोली का डोळ्यांसमोर येतेय, कोण जाणे. आठवणींना काय, यायला निमित्त लागत नाही.

आजची बातमी एवढीच की नवं इंटरनेट आलं. जुन्या कंपनीने आमच्या गल्लीतलं बस्तान गुंडाळलं, म्हणून लेकीने तिकडे परदेशात बसून नव्या कंपनीशी बोलणी केली. कंपनीचा माणूस आला, खिडकीतून तार आत घेतली, भिंतीवर एक डबी ठोकली. राउटर ठेवायला जागा म्हणून ह्यांच्या आरामखुर्चीशेजारचं तिवई-स्टूल पटकावलं. जुना राउटर माळ्यावर असायचा, कधी दिसायचाही नाही. हा पांढराशुभ्र, त्यावर हिरव्या दिव्यांची रांग लुकलुकतेय. “दोन मिनिटांचं काम,” म्हणत तो बराच वेळ होता. जाताना टीव्ही लावून बघितलाच नाही. मी लावला, तर पडद्यावर ‘नेटवर्क नाही’.

संध्याकाळ फार वाईट गेली.

५ ऑक्टोबर, रविवार

हे मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे मला वेड लागलं नाही याची खात्री राहील. एका टीव्हीसाठी एवढा जीव का टाकायचा?

ह्यांची आठवण विरत चालल्याला आता काही वर्षं झाली. दिवसभर ठीक असतात. ऊन उतरलं की कुठेतरी जायचं असतं. कुठे, ते माहीत नसतं. दाराची कडी चाचपतात, माझा हात झटकतात. मग लेकीला इंटरनेटवर ती आगगाडी सापडली. इंजिनाच्या पुढच्या काचेतून काढलेलं चित्रण आहे. बर्फ, बोगदे, पूल, लहान लहान स्टेशनं, तासन्‌तास. ना कुणी बोलत, ना काही घडत. हे मांडीवर जुनी कातडी पिशवी घेऊन बसतात आणि प्रवास करतात. तेवढ्या वेळात मी स्वयंपाक करते, अंघोळ करते, पाय वर घेऊन पडते. माझा सगळा दिवस त्या गाडीला जोडलेला डबा आहे.

आणि आता तर घाई आहे. हृदयाची झडप बदलायची तारीख डॉक्टरीणबाईंनी दिलीय, तीन नोव्हेंबर. “आणखी पुढे ढकलायची नाही, समजलं?” म्हणाल्या. लेकीला सुट्टी मिळेल, पण ती म्हणते, “आई, तू इस्पितळात आणि बाबा संध्याकाळी दारातून पळतायत, हे मला एकटीला झेपणार नाही. गाडीपुढे शांत बसत असतील तर मी आणि खालचे शिंपीदादा मिळून निभावू. नाहीतर बाबांना वृद्धांच्या होममध्ये ठेवू.” होममध्ये म्हणजे कायमचं. ती तसं म्हणत नाही, पण मी तिची आई आहे.

तर आज सकाळी तिला फोन लावून पासवर्ड घातला. रिमोटने एकेक अक्षर.

“आई, तो एस मोठा आहे.”

“किती मोठा?”

“कॅपिटल गं! कॉन्व्हेंटमध्ये एवढी वर्षं काय शिकलीस?”

“सिस्टर वळणदार एस शिकवायच्या. ह्या पाटीवर वळणाला जागाच नाही.”

“कानातलं मशीन घातलंयस का? मी तिसऱ्यांदा सांगतेय.”

मशीन ड्रॉवरमध्ये आहे. शिट्टी वाजते त्यात. आयुष्यभर हेडफोन लावून दुसऱ्यांचं ऐकलं, आता कानांनी रजा मागितली तर बिघडलं कुठे?

पण लागली! पडद्यावर रूळ आले, दोन्हीकडे बर्फ, आणि ह्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून थोडी रडले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी भाजी चिरत होते. सहज बाहेर डोकावले तर हे पिशवी खांद्याला लावून दाराशी, पायात माझ्या चपला. पडद्यावर गाडी एका पुलाच्या मध्यावर थांबलेली आणि वर तो पांढरा गोल फिरतोय.

“अहो, कुठे निघालात?”

“गाडी थांबली. उतरायचं.”

आता पुलाच्या मध्यावर कुणी उतरतं का? पण त्यांचं तरी काय चुकलं? थांबलेल्या गाडीत माणूस किती वेळ बसेल!

कंपनीला फोन केला. आधी गाणं ऐकवलं. मग एका मुलीने सांगितलं, प्लग काढा, थोडं थांबा, परत लावा. केलं. वायरी नीट बसल्यात का बघा. बघितल्या. सगळ्या भोकात घट्ट. “मग मॅडम, तक्रार नोंदवते.” एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने ह्यांचं मनगट. रात्रीचं जेवण कुणीच जेवलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

तो कंपनीचा माणूस आला. मी त्याचं नाव ‘दोन मिनिटं’ ठेवलंय. राउटर उलटा करून म्हणाला, “ही वायर कोणी हलवली?”

“कुणी नाही.”

“बाहेरून येणारी वायर ह्या वेगळ्या भोकात पाहिजे. ही ह्या चार भोकांतल्या एकात घातलीय. कामवाली?”

“कामवाली नाही. घरात आम्ही दोघंच.”

“मग वायर काय स्वतः चालत गेली?”

मला राग आला. म्हटलं, “शनिवारी घाईत तुम्हीच चुकीची लावली असेल.” तो म्हणाला, “मावशी, मग दोन दिवस चाललं कसं?” म्हणून काय मी मान खाली घालायची?

हे मात्र त्याच्यावर खूश. जवळ जाऊन, वाकून सगळं बघत होते. “दोरी बदलली का?” असं काहीसं विचारलं. तो हसला, “हो काका, नवी कोरी.” हे म्हणाले, “टेस्ट घेतली पाहिजे.” दोघांचं छान जमलं. तो असेपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा थांबली.

लेक म्हणाली, राउटरची दोन नावं दिसतात, पाच आकडा असलेलं निवड. निवडलं. टीव्ही बंद करून भिंतीवरचं बटणही बंद कर. केलं. ॲप काढून परत टाक. काढलं, टाकता येईना. सेटिंगमध्ये जाऊन सगळं पुसून पहिल्यापासून सुरू कर. पुसलं. आता टीव्ही मला भाषा कुठली हवी ते विचारतोय, जणू आमची आजच ओळख झाली. घरात असा दुसरा आहेच की.

आज दुपारी मला म्हणाले, “बाई, तुम्ही फार चांगल्या आहात. तुमच्या घरी वाट बघत असतील.” तुम्ही! ज्या माणसाने ‘अगं’शिवाय मला कधी हाक मारली नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज एक प्रयोग केला. संध्याकाळभर ह्यांच्या शेजारी बसून राहिले. गाडी एकदाही थांबली नाही. बोगदे झाले, तळं झालं. हे मध्येच त्या हिरव्या दिव्यांकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग परत गाडीकडे. मला वाटलं, चला, सुटलो. सूप ढवळायला उठले आणि परत येते तो गोल फिरतोय! माझी पाठ वळायचीच वाट बघत असतं ते यंत्र.

खालच्या मजल्यावरचे शिंपीदादा कपडे द्यायला आले होते. म्हणाले, “काकू, संध्याकाळी काका कुणाला तरी हाका मारतात का? छतातून ऐकू येतं. मोठ्याने एक, मग जरा वेळाने परत.”

मी म्हटलं, “टीव्ही असेल.”

“तुमच्या टीव्हीत तर नुसती गाडी ना?”

“मग गाडीची शिट्टी.”

शिंपीदादांनी मान हलवली. काल ह्यांच्या सदऱ्याचा खालचा कोपरा काळा झालेला दाखवला होता त्यांना, तो त्यांनी धुऊन आणला. “काका याने काहीतरी पुसतात वाटतं,” म्हणाले. काय पुसणार? चष्माच पुसत असतील.

१२ ऑक्टोबर, रविवार

थांबली. कडीला कुलूप लावलं. लाज वाटली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अक्षर वाकडं येतंय. सिस्टर असत्या तर पान फाडायला लावलं असतं.

कुलूप लावायचं विसरले. अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर दार सताड उघडं, पडद्यावर थांबलेलं स्टेशन, खुर्ची रिकामी. ओल्या केसांनीच जिना उतरले. खालच्या वळणावर छाती अशी आवळून आली की पायरीवर बसावं लागलं. ओरडायचं होतं, आवाज फुटेना. ज्या आवाजामुळे मला नोकरी लागली होती, तो आवाज!

शिंपीदादा मशीन सोडून धावले. मोठ्या रस्त्याच्या मध्ये, दोन्हीकडून गाड्या, हॉर्न, आणि हे दुभाजकावर पिशवी घेऊन उभे. शिंपीदादांनी सांगितलं, ते हात पुढे करून एका बसवाल्याला विचारत होते, “हे कुठलं स्टेशन?” आणि शिंपीदादांना बघून म्हणाले, “बरं झालं आलात. आमच्या कुणी दिसत नाहीत इथे.”

वर आणलं. एका पायात चप्पल नव्हती. तळवा सोललेला. मी धुतला. ते म्हणाले, “दुखत नाही हो.”

मग फोनवर लेक. रडत होती आणि ओरडत होती, दोन्ही एकदम.

“आई, मी होममध्ये जागा सांगून ठेवतेय. तीस तारखेपासून.”

“अगं, गाडी नीट झाली की...”

“गाडी, गाडी, गाडी! दहा दिवस तू एका टीव्हीशी मारामारी करतेयस. तुला स्वतःला जिना उतरवत नाही!”

“उतरले ना मी.”

“शिंपीदादांनी सांगितलं मला किती उतरलीस ते.”

चुगलखोर मेला. देव त्यांचं भलं करो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज होमवाल्यांचा फोन आला. बाई गोड बोलत होत्या. त्यांना काय आवडतं, काय खातात, रात्री कितीदा उठतात, विचारत होत्या. मी विचारलं, संध्याकाळी काय करतात तुमच्याकडे? “सगळ्यांना हॉलमध्ये बसवतो. मोठा टीव्ही आहे.” काय लावता? “जे असेल ते.”

जे असेल ते. ह्यांना त्या गर्दीत कुणीतरी अनोळखी बाई भात भरवतेय असं माझ्या डोळ्यांसमोर आलं. मग हसू आलं. अनोळखी बाई तर आत्ताही भरवतेच की.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

‘दोन मिनिटं’ पुन्हा आला. वायर पुन्हा दुसऱ्या भोकात. आता तोही चिडला. “मावशी, कुणीतरी हलवतंय.”

“कोण हलवणार?”

“उंदीर?”

“उंदीर वायर काढून शेजारच्या भोकात नीट बसवतो? असा उंदीर असेल तर तुमच्या कंपनीत नोकरीला घ्या.”

तो हसला, मला मात्र हसू आलं नाही. राउटर बदलून दुसरा लावला. दिवे तितकेच, भोकं तितकीच. मला आता त्याचाच संशय येतोय, म्हणजे कंपनीचा. आठवड्याला एकदा बिघडवून ठेवत असतील, नाहीतर माणसं रिकामी बसायची. हे लिहिताना मलाच कळतंय की मी खुळ्यासारखं बोलतेय. पण दुसरं काय राहिलंय?

तो गेला आणि तासाभरात गाडी थांबली. मी ह्यांच्यावर ओरडले. त्यांना काय कळणार त्यातलं! हात वर करून म्हटलं, “बसा! आता कुठेही उतरायचं नाही!” ते दचकले, पिशवी छातीशी धरली आणि लहान मुलासारखे काहीतरी पुटपुटले. तक्रार, लाइन, असलं काहीतरी. मला धड ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी पुन्हा कंपनीला फोन. गाणं पाठ झालंय. मुलगी काहीतरी विचारत होती, मी दुसरंच सांगत होते. शेवटी ती म्हणाली, “मॅडम, तुम्हाला ऐकू येत नाहीये का? घरात कुणी मोठं आहे का, त्यांना द्या फोन.”

मला! ट्रंक लाइनवर खरखरीतून परदेशातले आकडे बरोबर उचलणाऱ्या मला! फोन ठेवला आणि सरळ ड्रॉवर उघडला. मशीन पुसलं, नवा सेल घातला, कानात बसवलं. शिट्टी वाजली, मग थांबली. आणि एकदम घर भरून आलं. घड्याळ. नळ. खाली शिंपीदादांची मशीन. ह्यांच्या श्वासाला जरा घरघर आहे, हे मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी गाडी लावली आणि रोजच्यासारखी ओट्याशी आले. कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत बाहेरून आवाज आला. स्वच्छ, कामावरचा आवाज, जो मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

“सात नंबर, ऐकू येतंय का?”

मी सुरी खाली ठेवली.

दाराच्या आडून बघितलं. हे स्टुलापुढे वाकलेले. हिरवा दिवा लुकलुकतोय. वायरचं टोक हातात, सदऱ्याच्या कोपऱ्याने पुसतायत, पितळ पुसायचे तसंच, दोनदा इकडे, एकदा तिकडे. मान तिरकी करून वाट बघतायत. मग पुन्हा, जरा मोठ्याने, “सात नंबर, ऐकू येतंय का?” कुणी उत्तर देईना. “सातवर आवाज नाही,” ते स्वतःशी म्हणाले, “दोरी गेलेली दिसते.” आणि वायर शेजारच्या भोकात घातली. मागे पडद्यावर गाडी थांबली. गोल फिरायला लागला. ह्यांनी वळून बघितलं, सुस्कारा टाकला आणि पिशवी उचलली.

म्हणजे रोज! मी आत भांडी घासत होते, अंघोळ करत होते, कंपनीला शिव्या घालत होते, आणि हे रोज मला हाक मारत होते. खालच्या मजल्यावर ऐकू जात होतं.

मला पुढे व्हायला हवं होतं, मी दाराशीच राहिले. मग म्हटलं, आहे तो आवाज वापर. पाठ ताठ केली, सिस्टर शिकवायच्या तसा पोटातून श्वास घेतला आणि म्हटलं, “येतंय.”

हे थांबले. वळले नाहीत, वायरकडेच बघत राहिले.

“मग इतका वेळ कुठे होतीस?”

“इथेच होते,” मी म्हटलं. “इथेच होते हो.”

“बरं,” म्हणाले. पिशवी खाली ठेवली.

गॅसवरचं सगळं करपलं. करपू दे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

लेकीला सांगितलं. तिने मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाली, “वायर चिकटवून टाक ना आई. टेप लाव.” लावली होती मी सकाळीच. ह्यांनी संध्याकाळी नखाने नीट सोलून काढली आणि टेपची गोळी करून खिशात ठेवली. वायरमनला टेप लावून कुणी अडवलंय कधी?

आता मी ओट्याशी कान लावून असते. “सात नंबर, ऐकू येतंय का?” “येतंय.” उत्तर लगेच गेलं की वायर हातातून सोडतात, खुर्चीत बसतात, गाडी चालू राहते. जरा उशीर झाला की संपलं, गाडी पुलावर. अंघोळ मात्र सकाळी उरकून घेते. लेक म्हणाली, “म्हणजे तू इस्पितळात असताना?” तेच तर.

२६ ऑक्टोबर, रविवार

माळ्यावरून जुन्या कंपनीचा राउटर शिंपीदादांनी काढून दिला. धूळ पुसली, प्लग लावला. इंटरनेट नाही, पण दिवे लागले! आणि आणखी एक गंमत कळली. एका वायरचं एक टोक पहिल्या भोकात आणि दुसरं तिसऱ्या भोकात घातलं की दोन्हीखालचे दिवे उजळतात. काढलं की विझतात. अगदी तसंच. मी स्वतःच कितीतरी वेळ खेळत बसले.

‘दोन मिनिटं’ला बोलावलं, सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता खाली बसला. “म्हणजे मी काकांना नवी दोरी म्हणालो ते...” आणि कानाची पाळी धरली. लांब वायर आणून नवा राउटर कपाटात बंद केला. त्याच्या जागी स्टुलावर जुना. आज त्याने खरंच घाई केली नाही, चहाही घेतला.

संध्याकाळी हे जुन्या राउटरवर दोरी बदलत होते, दिवे लागत होते, आणि मागे गाडी बर्फातून चाललेली, थांबायचं नाव नाही. उतरायचं नाव नाही! तरी उत्तर मात्र लागतंच. उत्तर नसेल तर दोरीवर दोरी बदलत राहतात, डोळे भरतात. दिवे पुरेसे नाहीत. पलीकडे कुणीतरी हवं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

लेक आली. होमवाल्यांना तिने अजून नाही म्हटलेलं नाही, जागा धरून ठेवलीय. “बघू आई, काही दिवस बघू.” मी भांडले नाही. छातीत जागा नाही भांडायला. संध्याकाळी तिला ओट्याशी उभं केलं आणि मी पलंगावर पडून ऐकलं. हाक आली. लेकीने “हो बाबा” म्हटलं. ह्यांनी दोरी बदलली. पुन्हा हाक. “हो बाबा, येतंय ना!” पुन्हा बदलली. ती माझ्याकडे रडवेली होऊन आली.

“बाबा म्हणू नकोस,” मी सांगितलं. “एकच शब्द. शेवटचं अक्षर गिळायचं नाही.” मग तिला शिकवलं. पाठ ताठ, श्वास पोटातून. आमच्या दोघींचं दार लावून चाललेलं, येतंय, येतंय, येतंय. खालून शिंपीदादांनी ओरडून विचारलं, “काय येतंय काकू? पाहुणे?”

तिसऱ्या खेपेला जमलं. हे खुर्चीत बसले. लेक ओट्याला टेकून उभी राहिली, आणि मला माझीच पाठ दिसली.

२ नोव्हेंबर, रविवार

दुपारी इस्पितळात जायचं. बॅग भरून दाराशी ठेवलीय. ह्यांनी ती उचलून बघितली आणि विचारलं, “कुणी उतरतंय का?” मी म्हटलं, “हो, पुढच्या स्टेशनवर.” “जपून उतरा,” म्हणाले.

हे पान लेकीसाठी. वाचलंस की दुमडून डब्यात ठेव, आत्ता लगेच रडत बसू नकोस, ऊन उतरायच्या आत गाडी लावायची आहे.

टीव्हीचा रिमोट तुझ्याकडे. कपाटाची किल्लीही तुझ्याकडे, आत नवा राउटर आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही, ‘दोन मिनिटं’नेसुद्धा तुला विचारल्याशिवाय नाही. दाराचं कुलूप शिंपीदादांना दे. फेकून दे म्हणणार होते, पण ते म्हणाले दुकानाला लागेल. माझं शिवणाचं चांगलं कापडही त्यांनाच, सगळं. त्यांनी ह्यांचे सदरे खूपदा फुकट धुतलेत, आणि तुला माझ्या मागे फोन केले म्हणून मी त्यांच्यावर रागावलेली नाही, हे त्यांना स्पष्ट सांग. माझ्या गळ्यातली साखळी तुझी. सिस्टरनी बक्षीस दिलेलं ते वाचनाचं पदकही तुझंच, परवा मिळवलंस.

जुना राउटर ह्यांचा. सगळ्या वायरींसकट, आणि त्याचा प्लग. उद्या काही कमीजास्त झालं आणि ह्यांना होममध्ये न्यावं लागलं, तर कपड्यांच्या आधी तो पिशवीत भर. तिथल्या बाईंना सांग, त्याला हॉलमधल्या मोठ्या टीव्हीजवळ जागा नको, ह्यांच्या खुर्चीशेजारी हवी, आणि दिवे लागलेले हवेत. एक जुना सदराही दे, टोकं पुसायला.

माझं कानातलं मशीन ऑपरेशनच्या आधी काढून देतील, ते तू घे. मी डोळे उघडले की पाणी वगैरे नंतर, आधी ते. आणि ह्यांना फोन लावून माझ्या कानाशी धर. नाही उघडले, तर मशीन ड्रॉवरमध्ये परत टाकू नकोस, जिला लागेल अशा कुणा म्हातारीला दे, आणि तिला सांग, शिट्टी वाजते, थोडं थांबलं की थांबते.

सात नंबर तुला. संध्याकाळी ते विचारतील. जिथे असशील तिथून, हातातलं टाकून, लगेच म्हणायचं: “येतंय.”